घरबसल्या

पाच मार्च. शिलाई मशीनला तेल घालत होते. लेकीचा, मृणालचा ब्लाऊज आधी हातावेगळा करायचा होता; रविवारी तिला बघायला पाहुणे येणार आहेत. शेजारीच तिने टाईप केलेला बायोडेटा पडला होता. वडील : नोकरी. काका : व्यवसाय. आई : गृहिणी.

काकांचं दुकान वर्षातले सहा महिने बंद असतं.

"मी बावीस वर्षं ब्लाऊज शिवते, त्याचं काय?"

"अगं आई, ते घरबसल्याच ना! टेलर लिहिलं तर बरं दिसतं का?"

वकिलाचा पेशा, वाण्याचा धंदा, साहेबांची नोकरी. एवढ्या शब्दांतून माझ्या वाट्याला 'घरबसल्या' आला. परकं कुणी म्हणालं असतं, तर सोडून दिलं असतं. हिने तर माझ्या शेजारी बसून हुक लावलेत, गिऱ्हाइकांची मापं वहीत उतरवलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कापडाला गिऱ्हाइकांसारखी नावाची चिठ्ठी टाचली आणि ते गठ्ठ्यात सगळ्यांत खाली ठेवलं. वर अकरा ब्लाऊज होते.

"आई, रविवारी पाहुणे आहेत!"

"नंबर लागला की मिळेल," म्हटलं, आणि वरचं पहिलं कापड कापायला घेतलं.