मालिकेतली वीस वर्षं

हरिहरेश्वरच्या अलीकडे आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या. खोल्यांचं सगळं मी बघते. कोण येणार, कोण मासे खात नाही, कोणाला पहाटे देवळात जायचंय, हे आदल्या दिवशी कागदावर उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे मालिकेच्या चित्रीकरणाची माणसं आमच्याकडे उतरली तेव्हा मला धास्ती वाटली नाही. याद्या त्यांच्याकडेही होत्या, फक्त त्या रोज बदलत.

नायिका मागच्या खोलीत राहायची. तिशी नुकती ओलांडलेली. मालिकेत ती सून होती, नुकतंच डोहाळजेवण झालेली. किनाऱ्यावरून परतली की पोटाची उशी सोडून खुर्चीवर टाकायची आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणायची, "काकू, चहा."

एका संध्याकाळी मात्र चहा पुढ्यात निवत राहिला. काय झालं, विचारलं.

"मालिका लीप घेतेय. वीस वर्षं."

लीप म्हणजे काय ते मालिका बघणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. गोष्ट रेंगाळायला लागली की एका सोमवारी वीस वर्षं उलटतात. बाळ कॉलेजात जातं, आईच्या कानाजवळ पांढरी बट येते.

"पण तुझं काम राहतंय ना?"

"आई म्हणून. एकदा कॉलेजातल्या मुलीची आई झाले, की पुढे सगळे आईच्याच भूमिका देणार. नाही म्हटलं तर हे लोक मला दरीत ढकलून मोकळे होतील."

चॅनेलला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचं होतं. मी लगेच कामाला लागले. हातात दुसरी मालिका आहे का? करार कधी संपतो? शेवटचा शब्द कोणाचा? तिने एकेकाचं उत्तर दिलं आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. होकारात तोटा, नकारातही तोटाच.

सकाळी तिला सुट्टी होती. मागच्या अंगणात आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका सुपारी सोलत बसल्या होत्या. ती त्यांच्यात जाऊन बसली. मी तिथेच सोललेली सुपारी निवडत होते.

"काल पोट होतं, आज गेलं कुठं गं?" त्यांच्यातल्या वयस्कर मावशींनी विचारलं.

"खोलीत ठेवलंय, मावशी."

"बालंतपनाला म्हायेरी जा हां. सासू लई खाष्ट हाय तुजी."

"बाळंतपण दाखवणारच नाहीत. मुलगी एकदम वीस वर्षांची होणार आणि मी म्हातारी."

मावशींचे हात थांबले. "म्हंजे बारसं न्हाय?"

"नाही."

"आनि शालंत घालायचं? त्येबी न्हाय? वर्सभर आमी त्या पोराची वाट बगतोय, आनि आमाला त्याचं तोंडबी दावनार न्हाय?"

"बाय सुटते, पोराचा त्रास न्हाय," दुसरी म्हणाली. "माजी पोर सात वर्सांची हाय. म्हातारी झाले काय मी?"

"थोडी झालीस," मावशी म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

नायिका हसली नाही. त्या सात वर्षांच्या मुलीच्या आईकडे ती जरा वेळ बघत राहिली. मग उठून विहिरीपाशी गेली, कारण आमच्याकडे फोनला रेंज तिथेच मिळते. तिचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"वीस नको, सात. आधी बारसं दाखवा. लोक वाट बघतायत बारशाची, मी इथे विचारलंय. नाही, बट नाही. सात वर्षांत कोणाचे केस पिकतात?"

तिकडून उत्तर यायला संध्याकाळ झाली. तोवर तिने माझ्या सगळ्या चादरींच्या घड्या घातल्या, त्याही चुकीच्या. सात वर्षं मान्य झाली, बट गेली. बारसं आमच्याच पडवीत झालं आणि मावशी नवी साडी नेसून पाहुण्यांत बसल्या.

वर्षभराने चॅनेलला पुन्हा लीप हवा झाला. तोवर तिचा करार संपला होता आणि ती त्या मालिकेतून बाहेर पडली. आता ती दुसऱ्या मालिकेत पोलीस अधिकारी आहे. बिनलग्नाची, मुख्य भूमिकेत. मावशी रोज बघतात आणि सकाळी मला विचारतात, "हिचं लगीन कदी व्हायचं?"

"तिला कामं आहेत, मावशी."

"व्हय, पन आयबापानं बगायला नको?"