चार बोटं माया

आमच्या नात्यागोत्यात गेल्या तीस वर्षांत मापाचे कपडे घालून एकही पोर मोठं झालेलं नाही, आणि ह्याचं सगळं श्रेय माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, म्हणजे भाऊजींना, जातं. माणूस पेशानं बागायतदार. अकोल्याला जठारपेठेत घर, शहराबाहेर दोन एकरांचा मळा, त्यात वांगी, मेथी, दुधी आणि दसऱ्याच्या बेतानं झेंडू. सकाळी भाजी बाजारात गेली की दुपार मोकळी. अशा मोकळ्या दुपारी दुसरी माणसं झोपतात, पत्ते कुटतात, फार तर राजकारणावर बोलतात. भाऊजी शिवत.

ह्याला कारण त्यांची थोरली मुलगी, मुक्ता. ती जन्मली त्याच सुमारास जुन्या शहरातले एक म्हातारे शिंपी दुकान बंद करून मुलाकडे राहायला निघाले होते. भाऊजी त्यांच्याकडे पायजमा आखूड करून घ्यायला गेले आणि हातगाडीवर शिवणयंत्र घालून परत आले. पायजमा तिथंच राहिला. मग पंधरा दिवस त्या म्हाताऱ्याकडे शिकवणी झाली. त्यांनी भाऊजींना कापड बेतायला शिकवलं, काज करायला शिकवलं आणि शिवणीत माया ठेवायला शिकवलं. पुढं मूल वाढलं की कपडा उसवून मोठा करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. बाकीचं शिक्षण भाऊजी महिन्याभरात विसरले. माया तेवढी डोक्यात बसली. चांगला शिंपी ती बोटभर ठेवतो, भाऊजी चार बोटं ठेवू लागले.

माप मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. टेप होती, पण ती झेंडूचे वाफे आखायला मळ्यात असायची. पोरांना समोर उभं करायचं, डोळे बारीक करून एकदा वरून खाली बघायचं आणि कात्री उचलायची. आज वेलीवर दिसणारा दुधी चार दिवसांनी केवढा होईल हे त्यांना नुसत्या नजरेनं कळे, आणि दुधी व मूल ह्यांत त्यांच्या लेखी फारसा फरक नव्हता. ताई एकदा म्हणाली की निदान आज पोरगी केवढी आहे ते तरी बघा, तर म्हणाले, "आज केवढी हाय ते पाहून काय करतं? दोन वर्षांनं केवढी होईन ते पाहाचं." त्यामुळे मुक्ताच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक तिला तिसऱ्या वाढदिवसाला झाला. मधली दोन वर्षं ती त्या फ्रॉकात होती एवढंच म्हणता येईल. बाहेरून तिचा फक्त आवाज यायचा.

त्या फ्रॉकचं आयुष्यही मोठं असे. दरवर्षी उन्हाळ्यात खालची पट्टी उसवून सोडायची, की आतलं न विटलेलं कापड बाहेर येई. चार वर्षं झालेल्या फ्रॉकला खाली चार पट्टे असत, प्रत्येक आधीच्यापेक्षा गडद. झाडाचं वय बुंध्यावरच्या वर्तुळांवरून कळतं तसं भाऊजींच्या मुलींचं वय घेरावरून कळे. शाळेत नव्यानं आलेल्या बाईंनी मुक्ताला हा कोणत्या हाऊसचा गणवेश म्हणून विचारलं होतं.

पण नुसते कपडे शिवून थांबतील तर ते भाऊजी कसले. मुक्ता तान्ही असताना ताई स्वयंपाकात आणि हे मशीनवर, तर पाळणा हलवायचा कोणी? भाऊजींनी पाळण्याची दोरी मशीनच्या पायडलला बांधली. शिवण चालू की पाळणा चालू. काज-बटणापर्यंत सगळं छान चाललं. मग एक दिवस पडद्याची लांबलचक टीप मारायची होती, ती मारताना भाऊजींना जोर चढला आणि पाळणा कौंडण्यपूरच्या जत्रेतल्यासारखा वर जाऊ लागला. पोर खिदळत होती. ताई हातात लाटणं घेऊन बाहेर आली, लाटणं टाकलं, कात्री घेतली आणि दोरी कापली. पण तोवर मुक्ताला त्या वेगाची चटक लागली होती. साध्या झोक्यानं ती झोपेना. दोरी पुन्हा बांधावी लागली, आणि शिवायला काही नसलं तरी भाऊजी नुसतेच पायडल मारत बसू लागले. नुसतं बसणं जिवावर येई म्हणून सुईखाली हाताला येईल ते सरकवत. ताईच्या त्या काळातल्या एका पातळाच्या पदरावर सतरा टिपा आहेत.

मुक्ताच्या पाठीवर आणखी दोघी आणि मग एक मुलगा झाला, तसा कारखानाही वाढला. शाळेचे डबे न्यायच्या पिशव्या भाऊजींनी कपाशीच्या बियाण्याच्या कापडी पिशव्यांमधून शिवल्या. ताईनं त्या तीनदा उकळून दिल्या होत्या, पण छपाई पक्की होती. चारी पोरं वर्गात डबा उघडायची तेव्हा बाजूला ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'खाण्यास अयोग्य'. वर्गात इतरांचे डबे पळवले जात, ह्यांच्या डब्याला वर्षभर कुणी हात लावला नाही. भाऊजींना ह्याचा अभिमान होता. ताईला नव्हता, कारण आतली भाजी तिची होती.

मग तो पोपटांचा तागा आला. हिरव्या कापडावर हिरवेच पोपट. कुठल्याशा दुकानात अख्खा तागा पडून होता, तो का पडून होता हे भाऊजी सोडून सगळ्यांना दिसत होतं. त्याचे पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, कूलरला अंगरखा झाला, मुलींचे परकर झाले, मुलाची चड्डी झाली आणि उरलेल्यात भाऊजींचा स्वतःचा सदरा झाला. त्या घरी लपंडाव खेळणं बंद पडलं, कारण पोरं पडद्यापुढं नुसती उभी राहायची आणि सापडायची नाहीत. एकदा मी अमरावतीहून एका मित्राला घेऊन गेलो होतो. बैठकीत कुणी दिसेना म्हणून तो खुर्चीवर टेकला, आणि समोरच्या पडद्यानं त्याला चहा घेता का म्हणून विचारलं. तो मित्र नंतर माझ्याबरोबर अकोल्याला आलेला नाही.

मीही सुटलो नाही. माझ्या साखरपुड्यासाठी भाऊजींनी मला सफारी शिवला. त्याला अकरा खिसे होते. डावी बाही उजवीपेक्षा पाच बोटं लांब होती. ते मी दाखवलं तर म्हणाले, "डावा हात मागं ठेव. नवरदेव तसाच शोभून दिसते." साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत माझा डावा हात पाठीमागं आहे. सासरच्या मंडळींना पुष्कळ दिवस शंका होती की त्या हाताला काहीतरी झालेलं आहे.

अशी पंचवीस-सव्वीस वर्षं गेली. मुक्ता शिकली, अमरावतीला नोकरीला लागली आणि तिथल्याच एका घरात तिचं लग्न ठरलं. भाऊजींनी महिनाभर आधीच कामाला सुरुवात केली. शालूवरचं पोलकं, वर घ्यायचा शेला, पाठवणीचा पोशाख, सगळं गुपचूप. मी गेलो तेव्हा मला आत नेऊन दाखवलं. खरं सांगायचं तर त्यात चूक काढायला जागा नव्हती. टिपा सरळ होत्या. फक्त ते पोलकं दोन मुक्तांना पुरलं असतं.

मुक्तानं ते बघितलं. रागावली नाही, हसलीही नाही. खाली मान घालून म्हणाली, "बाबा, येक दिवस. माह्या लग्नाचा येकच दिवस मले मापाचे कपडे घालू द्या."

भाऊजी बरं म्हणाले. पोलक्याची घडी केली, मशीनवर कव्हर घातलं आणि बाजाराला निघून गेले. लग्न थाटात झालं. मुक्ता बाहेरून शिवून आणलेल्या कपड्यांत फार सुरेख दिसत होती. भाऊजी सगळ्यांना वाढत होते, सगळ्यांशी हसत होते, आणि लग्न होऊन गेल्यावर ते मशीनकडं फिरकले नाहीत.

दोन वर्षं त्या मशीनवर मेथीच्या जुड्या ठेवल्या जात. पोपटांचे पडदे विटले तेव्हा तयार पडदे आले. भाऊजी दुकानातले शर्ट घालू लागले. खांद्यावर बसणारे, बाह्या सारख्या असणारे. ज्या ताईनं पाव शतक त्या मशीनच्या नावानं बोटं मोडली होती, ती एकदा मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली की ह्या फिटिंगच्या शर्टात हा माणूस मला ओळखूच येत नाही रे. एकदा तू बोलून बघ म्हणाली. मी बोलून बघितलं. भाऊजींनी मला मेथी नेतोस का म्हणून विचारलं.

मग मुक्ताचे दिवस भरायच्या दीड महिना आधीच तिला अमरावतीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली. श्वास चालू होता, पण जीव एवढासा. काचेच्या पेटीत ठेवली. मी गावातलाच मामा, त्यामुळे धावपळ माझ्याकडे आली. तिथल्या सिस्टरनी सांगितलं की बाळाचं डोकं उघडं राहता कामा नये, टोप्या आणा, मऊ झबली आणा, अगदी लहान. मी दुकानं पालथी घातली. सगळ्यांत लहान म्हणून जी टोपी मिळाली ती घातल्यावर बाळ हनुवटीपर्यंत झाकलं गेलं. एक दुकानदार मला समजावत होता की थोडं वाढत्या अंगाचंच घ्या, काका. त्या माणसाचा काही दोष नव्हता, पण मला तिथंच रडू आलं.

मुक्तानं ती टोपी बाजूला ठेवली आणि माझ्याकडून फोन मागून घेतला. अकोल्याला लावला. "बाबा," म्हणाली, "लहान टोपी शिवून देता का? लहान पाहिजे."

 पलीकडून भाऊजींनी, मी त्यांच्या तोंडून जन्मात न ऐकलेले दोन शब्द उच्चारले. "माप सांग."

सिस्टरनी पट्टी लावून सेंटिमीटर सांगितले. सेंटिमीटर भाऊजींना कळेनात. कशाएवढं, ते सांग म्हणाले. मुक्ता उठली, काचेपाशी गेली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मोठ्या संत्र्याएवढं, बाबा." भाऊजींनी संत्रं आंबिया बहाराचं का मृग बहाराचं, म्हणजे कोणत्या हंगामाचं, ते विचारून घेतलं आणि फोन ठेवला.

पुढचं मला ताईनं सांगितलं. मेथीच्या जुड्या खाली आल्या. मशीनला तेल गेलं. भाऊजींनी बाजारातून पाच संत्री आणली, ओळीनं मांडली, एकेकावर टोपी चढवून बघितली. ताईचं धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं सुती पातळ कापलं. पहिल्या दोन टोप्या त्यांनी स्वतःच नापास केल्या. मळ्यातली टेप मागवून घेतली. ताई म्हणाली की तीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस कापायच्या आधी थांबलेला मी पाहिला.

सकाळच्या पहिल्या एसटीनं ते अमरावतीला आले. हातात पिशवी, अंगात तो फिटिंगचा शर्ट, चुरगळलेला. पाच टोप्या आणि चार झबली होती. झबल्यांच्या शिवणी बाहेरच्या बाजूनं होत्या, बाळाच्या कातड्याला आतून काही टोचू नये म्हणून. सिस्टरनी टोपी आत नेली, घातली आणि काचेतून आम्हाला दाखवली. बसली होती. कपाळावर सरळ रेघेत, कानांवरून खाली, जिथं असायला पाहिजे तिथं. कुठून आणल्या म्हणून सिस्टरनी विचारलं, मी भाऊजींकडे बोट दाखवलं.

मुक्तानं उरलेल्यांतली एक टोपी उचलली, उलटी केली आणि अंगठ्यानं शिवण चाचपली. "बाबा, माया नाई ठेवली?"

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "वाढली का दुसरी शिवतो."

आणि शिवली. दर चार दिवसांनी ते एसटीनं येत आणि आदल्यापेक्षा कणभर मोठी टोपी देऊन परत जात. दवाखान्यातल्या दुसऱ्या पेट्यांमध्येही हळूहळू ताईची पातळं दिसू लागली. कुणी कौतुक केलं की भाऊजी त्या माणसाकडे वरून खाली बघत आणि तो घाबरून निघून जाई. नात दीड महिन्यानं घरी आली. आता ती अडीच वर्षांची आहे, आजोळी आली की तिचा आवाज जठारपेठेच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि तिचे फ्रॉक आईनं बाहेरून आणलेले असतात की आजोबांनी शिवलेले, ते पाहुण्यांना लांबूनच कळतं. मुक्ता तिला दोन्ही घालते. दुसऱ्या प्रकारचे जरा जास्त घालते, असं ताईचं म्हणणं आहे.

परवा मी गेलो तेव्हा भाऊजी मशीनपाशी वाकून बसले होते. सुईत दोरा जाईना. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते मळ्याकडे निघतात. मला म्हणाले, "तू पाह्य बरं." मी चष्मा वर केला, खाली केला, दोऱ्याचं टोक ओलं केलं, श्वास रोखला. दोरा सुईच्या शेजारून पलीकडे गेला. पुन्हा भाऊजींनी घेतला, पुन्हा मी. आम्ही दोघं असे एका सुईवर डोकी टेकवून किती वेळ बसलो होतो कोण जाणे. ताई आतून हात पुसत आली, दोरा आमच्या हातातून काढून घेतला आणि एका फटक्यात ओवून दिला. मला वाटलं, आता ती चहा टाकायला आत जाईल. पण तिनं स्टूल ओढलं आणि दोरा पुन्हा तुटायची वाट बघत ती मशीनशेजारीच बसून राहिली.