अंझिरतच्या गळ्यातली बेगीम

बल्खच्या किल्ल्यात बाईमाणूस गेलं की अंझिरतला बोलावणं यायचं. मेलेल्या बायकांना शेवटची अंघोळ घालणं हे तिच्या घरचं पिढीजात काम. जित्या बायका तिच्या हातचा चहा पीत नसत. तिचा आवाज चिमणीसारखा, बाजारात दोनदा हाक मारल्याशिवाय कुणी वळून बघत नसे.

त्या हिवाळ्यात कुतलुग बेगीम वारली. ती तरुण खानाची आजी. गादीवर नातू होता, पण शब्द तिचा चाले. सरदार पडद्यासमोर गुडघे टेकून बसत. ती आतून खाकरे, दोन वाक्यं बोले, आणि कुणाची जहागीर जाई, कुणाची मान वाचे.

अंझिरत सकाळीच पोचली. अंगणात धुकं साचलं होतं आणि कुठेही रडं ऐकू येत नव्हतं. बेगीमची जुनी दासी दिलदोर दारातच उभी होती.

"आपा, कुणी रडत कसं नाही?"

"रडायला जन्म पडलाय. आत ये आणि गुपचूप काम कर."

अंझिरतने अंघोळ घातली, तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटी पट्टीने आवळून डोक्यावर गाठ मारली. मग दिलदोर हळूच म्हणाली, "अतालीक येतोय."

यादगार अतालीक सगळ्या सरदारांत थोर. पुढे गादीवर कुणी हक्क सांगू नये म्हणून त्याला खानाच्या धाकट्या भावाचे, तुर्सुन सुलतानाचे, डोळे काढायचे होते. बेगीमच्या होकाराशिवाय राजपुत्राला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ती गेल्याचं कळलं, तर विचारायलाच कुणी उरणार नव्हतं. तुर्सुनला गुपचूप मामाकडे पोचवायला बायकांना दुपारपर्यंतचा अवधी हवा होता.

"बेगीमच्या जागी पडद्याआड बसून तू नुसती खाकर," दिलदोर म्हणाली. "माझा आवाज तो ओळखतो. बाकीच्या पोरींना कापरं भरलंय. तुला मेल्यांशेजारी बसायची सवय आहे."

"आणि त्याने ओळखलं तर?"

"तर आपल्या दोघींना अंघोळ घालायला दुसरी कुणी शोधावी लागेल."

अंझिरत पडद्याआड, प्रेताला टेकून बसली. अतालीक आला. त्याच्या फरच्या कोटाचा ओलसर वास आतपर्यंत आला.

"बेगीम, तब्येत कशी आहे?"

अंझिरत खाकरली.

"धाकट्याचं काय ते आज ठरवावं लागेल. तुम्ही गप्प राहिलात तर तो होकार समजून मी निघतो."

ती पुन्हा खाकरली, पण त्याच्या जोड्यांची करकर ऐकू आली. तो उठत होता. दिलदोरने डोळे मिटून घेतले. आणि अंझिरतच्या तोंडून बेगीमच्या जाड, घोगऱ्या आवाजात शब्द बाहेर पडले.

"बस खाली, यादगार. तू जन्मलास तेव्हा तुझे डोळे चिकटलेले होते. तुझ्या आईने तुला माझ्या मांडीवर टाकलं. माझ्या दुधाने धुऊन धुऊन मी ते उघडले. त्याच डोळ्यांनी माझ्या नातवाचे डोळे काढलेले बघणार आहेस?"

यातलं अक्षरही अंझिरतला ठाऊक नव्हतं. दिलदोरलाही नव्हतं.

पडद्यापलीकडे जोड्यांची करकर थांबली. मग गालिच्यावर कपाळ टेकल्याचा आवाज झाला. "चुकलो, आई," अतालीक म्हणाला आणि गेला.

अंझिरतने वळून पाहिलं. हनुवटीची पट्टी सुटून उशीवर पडली होती आणि बेगीमचं तोंड उघडं होतं. तिने पट्टी पुन्हा बांधली. या वेळी गाठ दुहेरी मारली.

दुपारी तुर्सुन वेशीबाहेर पडल्यावर किल्ल्यात रडारड सुरू झाली. बेगीम कधी गेली हे अतालीकने कधीच विचारलं नाही, आणि तुर्सुनचं नावही पुन्हा काढलं नाही.

अंझिरतचा चिमणीचा आवाज मात्र परत आला नाही. तिने मीठ मागितलं तरी गल्लीतले पुरुष उठून उभे राहत. सुना नवऱ्यांना सोबत आणून गाऱ्हाणी सांगायच्या. "मी प्रेतं धुणारी बाई," ती म्हणायची, "मला काय विचारता?" पण तेवढं ऐकूनच नवरे वठणीवर येत. घरी एकटी असताना ती बोलायचंच टाळू लागली. आपल्याच तोंडून काय निघेल याची तिला धास्ती वाटे.

बऱ्याच वर्षांनी तुर्सुन सुलतान बल्खचा कारभार पाहायला परतला. एकदा तो बाजारातून जाताना अंझिरत एका खरबूजवाल्याला नासकं फळ दिल्याबद्दल झापत होती. तो आवाज कानी पडताच सुलतान घोड्यावरून उतरला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत भर रस्त्यात मान खाली घालून उभा राहिला. मागचे स्वार गोंधळले.

तिचं लक्ष गेलं. ती बोलायची थांबली.

"बोला ना," तो म्हणाला. "अजून थोडं बोला."

अंझिरतने ओढणीने तोंड झाकलं आणि नकारार्थी मान हलवून ती घराकडे चालू लागली.