खुर्चीवरचा कोरा टॉवेल

“तो टॉवेल बदला.”

मी खुर्चीवरून अजून पूर्ण उठलेही नव्हते. मला उठवून संयोजक सर हॉलच्या शिपायाला सांगत होते, आणि बोट होतं मी बसलेल्या जागेकडे.

दुसऱ्या दिवशी टॉवेल-चादर कारखानदारांची परिषद होती. सोलापुरातला मोठा हॉल. व्हिडिओचं काम आमच्या स्टुडिओकडे, आणि मुख्य कॅमेरा पहिल्यांदाच माझ्याकडे. आदल्या दुपारी तयारी चालली होती. प्रमुख पाहुण्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश कसा पडेल हे बघायचं, तर त्यांच्या खुर्चीत कुणीतरी बसावं लागतं. स्टुडिओचे मालक, आमचे दादा, लाइट फिरवत म्हणाले, “तू बस गं.” मी बसले. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल होता.

तोवर सर गोडच बोलत होते. इंग्रजीत. माझं इंग्रजी ऐकून खूश झाले. शाळा विचारली. सांगितली.

“वा! आडनाव?”

तेही सांगितलं. त्यानंतर ते माझ्याशी इंग्रजीत बोललेच नाहीत. आडनावावरून त्यांना जात कळली होती. ती नजर मी ओळखते. शाळेत नव्या टीचरनी हजेरीला पूर्ण नाव वाचलं की ती यायची.

शिपाई मल्लूमामा म्हणाले, “साहेब, आत्ताच घातलाय की. कोरा हाय.”

“बदला म्हटलं ना!”

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “सॉरी सर.”

सरांपेक्षा त्या शब्दाचा राग मला जास्त येतो. पप्पांनी मला इंग्रजी शाळेत घातलं ते कुणापुढं मान खाली घालायला लागू नये म्हणून. तिथं मी पहिलं काय शिकले, तर सॉरी. पप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतात. त्यांनी विणलेल्या टॉवेलनं ही माणसं तोंड पुसतात. तेव्हा विणणाऱ्याचं आडनाव कुणी विचारत नाही. त्यांची मुलगी टेकली की टॉवेल बाटतो.

दादांनी सगळं ऐकलं होतं. नवा टॉवेल आल्यावर म्हणाले, “तू कॅमेऱ्यावर जा, मी बसतो.” बसले. ऐसपैस, टेकून. सर त्यांच्याशी गप्पा मारत उभे राहिले. मी कॅमेऱ्यातून बघत होते. वाट बघत होते. दादा उठले. टॉवेल तसाच.

मी कॅमेरा बंद केला.

“सर, आता दादा बसले होते. टॉवेल बदलायचा ना?”

माझा आवाज एवढा लांब जातो हे मलाच माहीत नव्हतं. खुर्च्या लावणारी माणसं थांबली.

“अगं, तसं काही नाही. तो मळला होता.”

“मग आणा. कुठं मळलाय बघू.”

मल्लूमामांनी कुणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. आधी काढलेला टॉवेल आणला, झटकला, दोन्ही बाजूंनी उलगडून धरला. कुठंच काही नव्हतं. सर मोबाइल बघायला लागले.

मी स्टेजवर चढले. त्याच खुर्चीत बसले. पाठ टेकवून.

“दादा, लाइट लावा.”

त्यांनी लावला नाही. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “कशाला वाढवतेस? दरवर्षीचं काम आहे हे. एवढं तेवढं चालतं गं.”

त्यांचं चालतं. त्यांना कुणी उठवलं नव्हतं. लाइट लागेना, तरी मी बसून राहिले. सर हॉलबाहेर गेले, मगच उठले.

संध्याकाळी दादांचा मेसेज आला. उद्या येऊ नकोस. मुख्य कॅमेऱ्यावर दुसरा माणूस गेला. मी स्टुडिओ सोडला. फ्रेम, फोकस, लाइट मला येतं, काम कुठंही मिळेल. तिथंही असे सर असतील, असे दादाही असतील.

मी अजून लाजाळूच आहे. चार माणसांत बोलताना आवाज कापतो. कापू दे. पुन्हा कुणी असं उठवलं, तर का ते सगळ्यांसमोर विचारणार. आणि उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही.