आमच्या व्याह्यांची दाट शक्यता

‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द न वापरता साठ वर्षं जगून दाखवलेला माणूस या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो माझाच व्याही निघावा, या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. मुलासाठी मुलगी बघायला आम्ही घोटीजवळच्या आमच्या वाडीहून नाशिकला त्यांच्या घरी गेलो होतो. कांदेपोहे झाले, मुलगी पसंत पडली. मी रिवाजाप्रमाणे विचारलं, “मग तुमचा होकार धरायचा ना?” गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “होकाराची दाट शक्यता आहे.” माझ्या थोरल्या भावानं टोपी उचलली आणि तो चपला शोधायला लागला. तेवढ्यात विहीणबाई ओल्या हातानं बाहेर आल्या. “अहो, बसा! ह्यांचा एवढाच होकार असतो. आमच्या लग्नात अंतरपाट धरल्यावरसुद्धा ह्यांनी भटजींना हेच सांगितलं होतं.”

माणसाचं कामही तसंच. आभाळात उपग्रह फिरतो, तो जमिनीचे फोटो पाठवतो, ते फोटो महिनोन् महिने एकावर एक ठेवून बघायचं, की कुठली जमीन हलली, कुठलं पाणी आटलं, कुठला डोंगर सरकला. मग ते सरकारला कळवायचं, म्हणजे सरकार लोकांना सल्ला देतं. माझी शाळा तिसरीतच सुटली, पण डोंगर सरकत नाही एवढं मला शिकवायला मास्तर लागत नव्हता. मी त्यांना तोंडावर सांगितलं, “इवाई, सत्तर वर्षं बघतोय. आमचा डोंगर हाय तिथंच हाय.” ते म्हणाले, “आपणही त्याच्यासोबत सरकत असल्यास तसं वाटण्याची शक्यता आहे.” मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही.

पहिल्यांदा ते आमच्या वाडीत आले, तेव्हा तर कहर झाला. आमचं घर सगळ्या वाडीत उंचावर, डोंगराच्या अगदी मांडीवर; बाकीची वाडी लांब, खाली सपाटीला. माझ्या आज्यानं मुद्दाम तिथं बांधलं, की गावात कुणाचं छप्पर आमच्या वर असू नये. आणि हे गृहस्थ चार घरांची दारं चुकीची वाजवून, घामाघूम होऊन वर आले. म्हणाले, “मला तुमचं फक्त छप्पर ओळखता येतं.” मग पाणी पिता पिता सहज म्हणाले, “मागच्या उन्हाळ्यात गोठ्यावर दोन नवे पत्रे टाकलेत ना?” माझ्या हातातला तांब्या पडायचाच बाकी राहिला. ते पत्रे मी कुणाला न सांगता, एकट्यानं टाकले होते. त्या दिवसापासून मी अंगणात उघड्यावर आंघोळ करणं बंद केलं.

त्याच भेटीत त्यांची नजर आमच्या मागच्या भिंतीवर गेली. भिंतीला एक भेग होती, आमच्या घरातलीच एक असावी इतकी जुनी. दर दिवाळीला मी ती चुन्यानं भरायचो आणि वरून झकास सफेदी मारायचो. व्याह्यांनी खिशातली किल्ली काढली आणि पाहुण्यानं करू नये ते केलं, भेग खरवडायला लागले. चुन्याचे पापुद्रे निघत गेले, एकाखाली एक, एकाखाली एक. “किती वर्षं भरताय ही?” त्यांनी विचारलं. मी ताठ होऊन सांगितलं, “बारा. एक दिवाळी चुकवली नाय.” गृहस्थांचा चेहरा त्या भिंतीहून पांढरा झाला. पहिला थर केसाएवढा, शेवटचा बोटाएवढा. मी बारा वर्षं डोंगराच्या चालण्यावर सफेदी मारत होतो. “अहो, आमच्याकडे चारच वर्षांचे फोटो आहेत,” ते पुटपुटले. “त्याआधीची नोंद तुम्ही भिंतीत बुजवून ठेवलीत!” त्यांनी त्या पापुद्र्यांचे फोटो काढले आणि माझी भिंत सरकारी अहवालात गेली. घर सोडायचा विषय त्यांनी हळूच काढला होता, तो मी उडवून लावला. पण भिंत अहवालात गेल्याचं मात्र मी घोटीच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं.

अहवाल चाळीस पानांचा होता म्हणे. तो वरून जिल्ह्याला आला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून तलाठ्याला, आणि तलाठ्यानं पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली: ‘डोंगरालगतच्या ग्रामस्थांनी सतर्क राहावे.’ सतर्क तर मी जन्मापासून आहे. मी चिठ्ठी देवामागं खोचली आणि भात लावायला गेलो. मुलगा-सून नाशिकलाच राहत होती; श्रावणात त्यांच्या लेकीला, आमच्या नातीला घेऊन व्याही आले, तेव्हा त्यांना ती कौतुकानं दाखवली. त्यांनी ती वाचली, मागची बाजू बघितली, परत पुढची बघितली. “बाकीची पानं?” “एवढंच आलं.” त्यानंतर ते जेवले नाहीत. पुरणपोळी होती, तरी जेवले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात पावसानं चार दिवस झड धरली. पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर व्याही चिखल तुडवत वर येताहेत. गुडघ्यापर्यंत गमबूट, छत्री उलटी झालेली. दाराशी आले, बसले नाहीत.

“इवाई, चला.”

“कुठं?”

“खाली शाळेत. विहीणबाईंना घ्या, जनावरं सोडा. आत्ता.”

“अहो, टेका तर. च्या टाकते,” आमची मंडळी म्हणाली.

“चहा खाली पिऊ.”

मला चेष्टा सुचली. “डोंगर पडायची शक्यता किती म्हणता? दाट, का मध्यम?”

व्याह्यांनी चष्मा काढला. पुसला नाही. म्हणाले, “पडणार.”

खरं सांगतो, कुणी मोठ्यानं ओरडून सांगितलं असतं, तलाठी पोलीस घेऊन आला असता, तरी मी उंबऱ्यावरून हललो नसतो. पण त्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मी उठून बैलांची दावी सोडली. मी दाराला कुलूपसुद्धा घातलं नाही. दोन बैल, एक गाय, बायको आणि देवामागची ती चिठ्ठी, एवढं घेऊन खाली आलो.

दुपारपर्यंत काही झालं नाही. शाळेच्या ओट्यावर जो तो येऊन मला हसून गेला. “बाबा, व्याह्यानं घर खाली करून घेतलं का?” मी बैलांना वैरण टाकत बसलो. व्याही डोंगराकडं पाठ करून बसले होते, भिंतीला टेकून, मूठ आवळून. तीनच्या सुमाराला असा आवाज झाला, की बैलांनी दावी तोडली. मी बघितलं. गोठा नव्हता, त्यावरचे दोन नवे पत्रे नव्हते, भेगेची भिंत नव्हती, आमची निजायची खोली नव्हती. आज्याचं घर अर्धं उभं होतं आणि अर्धं चिखल होतं.

“पडला?” व्याह्यांनी मागं न बघता विचारलं.

“पडला.”

आणि तो एवढा शिकलेला माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. “वाटलं चुकलोय. भर पावसात तुम्हांला घराबाहेर काढलं, आणि तो पडलाच नसता तर?”

“तर जन्मभर बोललो असतो तुम्हांला.”

“तेच तर हवं होतं मला,” ते म्हणाले.

आता आम्ही खाली रस्त्याच्या कडेला राहतो. गावात सगळ्यात खालचं छप्पर आमचं. नव्या भिंतीलाही केसाएवढी भेग आहे. मंडळी दिवाळीला चुन्याची बादली घेऊन येते आणि मी तिला हात लावू देत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं तारीख घातलीय. व्याही आले की आधी ती बघतात, मग पाणी पितात. परत आपल्या मूळ स्वभावावर गेलेत. चहात साखर आहे का विचारलं, तर असण्याची शक्यता आहे म्हणतात.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरनं काय काय सांगितलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही, मुलानं सांगितलं. परवा ते आले होते, चहा चालला होता. नात अंगणात वाळूचे डोंगर करत होती. मी उगीचच विचारलं, “इवाई, आपण दोघं हिचं लग्न बघू का हो?”

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिले. मग तिच्याकडं बघत म्हणाले, “बघणार.”

मला धक्काच बसला. त्या माणसानं न मोजता काही सांगितल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांच्या कपात अजून एक चमचा साखर घातली, आणि त्यांनी नको म्हटलं नाही.