प्लासिडने सांगितलेलं नाव

प्लासिड माझा शेजारी. केळी, सोनचाफा आणि थोडी पालेभाजी, यातच त्याचं आयुष्य गेलं. त्याची आणि शेजारच्या सँड्राची विहीर एक, पंपही एकच. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. ज्याची पाळी असेल त्याच्या घरी पंपखोलीची किल्ली. ती कुणी मागत नाही, परत आली का याची कुणी खात्री करत नाही. बापजाद्यांपासून हे असंच चाललं आहे.

म्हणूनच सँड्राचा मुलगा एरॉल डेबिट कार्ड मागायला आला तेव्हा प्लासिडला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"अंकल, वालीवला गाळा घेतलाय, ऑनलाइन माल विकतो. माझ्या खात्याची लिमिट संपली. थोडे दिवस पैसे तुमच्या खात्यात येतील, मीच काढून घेईन. तुम्हाला बँकेत खेपा नकोत."

प्लासिडने कार्ड दिलं, पिनही सांगितला. आतून त्याची बायको क्लेमेंटीन ओरडली, "सगळंच दे! मी तेवढी उरलेय, मलाही दे कुणाला तरी."

"तुला कोण घेणार?" म्हणत तो हसला.

मोबाइलवर बँकेचे मेसेज येत. ते इंग्रजीत. प्लासिड न वाचताच पुसून टाकी.

मग एकदा तो खतासाठी पैसे काढायला गेला, तर खातं बंद. परराज्यातल्या पोलिसांनी गोठवलं होतं. पाठोपाठ इथल्या ठाण्यातून बोलावणं आलं. सोबतीला मी गेलो. वाटेत त्याने मला सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "मास्तर, एरॉलचं नाव तुम्ही काढायचं नाही. सँड्राचा नवरा गेला, तिला दुसरं कोण आहे? कार्ड मी दिलं. मी बघतो."

साहेब तरुण होते, बोलायला सौम्य.

"काका, तुमच्या खात्यातून फसवणुकीचे पैसे काढले गेलेत. कार्ड कुठाय?"

"हरवलं."

"पिनसकट हरवलं?"

साहेबांनी समजावलं, "नाव सांगितलं नाहीत तर सगळं तुमच्या एकट्यावर येईल. सांगितलंत तरी तुम्ही सुटलात असं नाही. कार्ड आणि पिन तुम्हीच दिलात, खातं तुमचं आहे."

"मग माझ्यावरच येऊ द्या."

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि समोरचे कागद आवरायला घेतले. तेव्हा प्लासिडने विचारलं, "पैसे कुणाचे होते?"

"एक निवृत्त नर्स आहेत. पोलीस असल्याचं भासवून कुणीतरी त्यांना फोनवर अटकेची भीती घातली आणि सगळी जमापुंजी तुमच्या खात्यात पाठवायला लावली. अजून त्या घराची कडी उघडत नाहीत. आम्ही फोन केला तर म्हणाल्या, तुम्ही तरी खरे पोलीस कशावरून?"

"घरात कोण आहे त्यांच्या?"

"कुणी नाही."

ज्या सँड्रासाठी तो तोंड मिटून बसला होता, तिच्यासारखीच ही दुसरी एकटी बाई.

"एरॉल," तो म्हणाला. साहेबांना ऐकू गेलं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं, या वेळी आडनावासकट, गाळ्याच्या पत्त्यासकट.

एरॉलला गाळ्यातूनच उचललं. त्याने कार्ड कमिशनवर पुढे दिलं होतं. ज्याला दिलं त्याचं खरं नावही त्याला ठाऊक नव्हतं. नर्सबाईंचे पैसे काही परत मिळाले नाहीत. प्लासिडचं नावही प्रकरणात राहिलंच. बोलावतील तेव्हा हजर राहायचं, या अटीवर त्याला घरी सोडलं. खातं अजून गोठलेलंच आहे.

नंतर तो सँड्राकडे गेला. क्लेमेंटीन म्हणत होती, नको जाऊ. एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मला फाटकापर्यंत नेलं. सँड्रा ओट्यावर बसली होती. रडून डोळे सुजले होते, पण आवाज स्थिर होता.

"आधी माझ्याकडे यायचं होतंस, प्लासिड."

"आलो असतो तर तू त्याला पळवलं असतंस."

"हो," ती म्हणाली. "पळवलं असतं."

प्लासिडने मान हलवली. ती त्याला बस म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. तो तसाच अंगणात उभा राहिला.