लेकीचं बिल

धोंडीबा चारठाण्याकडचा. जन्म मेंढरांमागं गेला, त्यामुळं बसल्या जागीही त्याचे पाय कुठं तरी निघाल्यासारखे दिसत. त्याची लेक साधना परभणीत एका खाजगी दवाखान्यात नर्स होती; जावई बबलू शाळेच्या पोरांची गाडी चालवायचा. धोंडीबा शहरात आला की लेकीच्या घरी जायचा, ओट्यावर बसायचा, पाणी प्यायचा, आणि भूक लागली की कोंडाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, फडक्यात बांधून दिलेली भाकर सोडायचा. लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, हे त्याच्या बापानं पाळलं होतं, आज्यानं पाळलं होतं. साधनाच्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्यामुळं ओट्यावरची ती भाकर साऱ्या गल्लीला जरा जास्तच दिसायची. एकदा साधना एवढंच म्हणाली होती, की तुमचे वडील तुमच्याकडं का जेवत नाहीत, असं शेजारीण विचारत होती. धोंडीबा घास चावत राहिला.

यंदा त्याच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तो पुन्हा दाखवायला आला त्या दिवशी साधनानं अर्धी रजा टाकली. डॉक्टरांनी डोळा चांगला म्हटला. बाहेर पडताना तिच्या ध्यानात आलं, की बापाच्या हातात फडकं नाही. सकाळी एसटी गाठायच्या घाईत ते चुलीपाशीच राहिलं होतं. तिनं लगेच हॉटेलचं काढलं. हॉटेल काही माझं घर नव्हे, तिथली चूल माझी नाही की तवा माझा नाही, असं तिचं म्हणणं. धोंडीबाला ते पटलं. पटायला कारणही होतं. परवाच्या बाजारात विकलेल्या बोकडाचे पैसे त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात होते, आणि बिल आपणच देऊ, हे त्यानं मनात धरून टाकलं होतं.

जिंतूर रस्त्यावरच्या हॉटेलात दोघं जेवली. शेवभाजी, तंदूर रोटी, आणि साधनानं हौसेनं मागवलेली काजूची भाजी. काळा चष्मा लावून धोंडीबा सावकाश जेवला. साधनाचं लक्ष स्वतःच्या ताटापेक्षा त्याच्याच ताटात होतं. बडीशेपेच्या बशीतून बिल आलं तेव्हा दोघांचे हात एकदमच हलले. धोंडीबाचा बंडीत जाईपर्यंत लेकीचं कार्ड बशीत पडलंही होतं.

"आज न्हाई, आबा," ती हळूच म्हणाली.

चारचौघांत लेकीशी काय ओढाताण करायची, म्हणून त्यानं हात मागं घेतला.

गल्ल्यावर परमेश्वर नावाचा मॅनेजर होता. त्यानं कार्ड मशीनमध्ये घातलं, काढलं, पुसलं, परत घातलं. मग मशीन घेऊन खिडकीशी गेला आणि लेकराला चांदोबा दाखवावा तसं ते वर धरून उभा राहिला. रस्ता खोदताना कुठं तरी वायर तुटली असणार, म्हणाला; आताच्या गिऱ्हाइकापर्यंत तर चालत होतं. साधनानं मोबाइल काढला, तर त्यालाही रेंज नाही. पर्समध्ये रिक्षापुरते सुट्टे तेवढे होते. परमेश्वरनं धोंडीबाकडं पाहिलं. धोंडीबा बंडी चाचपायलाच लागला होता.

साधनानं त्याचं मनगट धरलं. "मी पैसे काढून आणते. तुमी इथं बसा. तुमी दिले, तर आज बी ओट्यावर जेवल्यावानीच झालं."

आणि ती गेलीसुद्धा.

जेवणाची वेळ होती. टेबल रिकामं हवं होतं, म्हणून धोंडीबाला गल्ल्याशेजारच्या बाकावर बसवलं. येणारे-जाणारे त्याच्याकडं पाहत. वेळ जाऊ लागला तसा परमेश्वर आधी नुसता दाराकडं बघायचा, मग घड्याळाकडं, आणि शेवटी बिल द्यायला आलेल्या दोघांना ऐकू जाईल असं बोलला.

"बाई येतात का न्हाई आता? का म्हाताऱ्याला गहाण ठिवून गेल्या?"

ते दोघं हसले. धोंडीबाला स्वतःचं काही वाटलं नाही. मेंढरं घेऊन फिरणाऱ्यानं याहून वाईट ऐकलेलं असतं. पण लेकीचं नाव खाली पडत होतं, आणि ते उचलायला लागतील तेवढे पैसे त्याच्या छातीशी होते. त्यानं बंडीत हात घातला. नोटा बाहेर काढल्या.

नोटा हातात असतानाच त्याला वालूरचं रान आठवलं. तरणा होता तेव्हा. शेतात मेंढरं बसवली की रानाला खत होतं, आणि शेताचा मालक त्याबद्दल मेंढक्याला जवारी देतो, अशी रीत. त्या वर्षी एका एकट्या बाईच्या तुकड्यात त्यानं मेंढरं बसवली होती. सकाळी तिनं सुपात जवारी आणली. घरात फार नसावी, हे सुपाकडं बघूनच कळत होतं. राहू द्या बाई, म्हणून तो दयेनं निघाला. बाईनं सूप बांधावर आपटलं. फुकट मेंढरं बसवून घ्यायला माझं रान बेवारशी हाय का, म्हणाली. पुढच्या वर्षी तिनं दुसऱ्याची मेंढरं बोलावली. इतकी वर्षं धोंडीबा ती गोष्ट त्या बाईच्या ताठ्याची म्हणून सांगत आला होता.

"बाबा, हायत की तुमच्याजवळ," परमेश्वर म्हणाला. "द्या अन् मोकळे व्हा."

"हायत," धोंडीबा म्हणाला. नोटा त्यानं पुन्हा बंडीत ठेवल्या. "पण बिल तिचं हाय. तिला येऊ द्या."

"अन् न्हाई आल्या तर?"

"तर मी हाय की इथं. गहाण."

परमेश्वरला हसावं की चिडावं ते कळेना. त्यानं पोऱ्याला सांगून बाकावर पाण्याचा गिलास पाठवला.

साधना आली ती घामेजून. पहिल्या एटीएमला खडखडाट होता, दुसरं स्टेशनकडं सापडलं. गल्ल्याकडं बघायच्या आधी तिनं बापाच्या बंडीकडं पाहिलं.

"नुसते दाखवले बाबांनी. दिले न्हाईत," परमेश्वर म्हणाला. "लय अवघड माणूस हाय."

साधनानं बिल दिलं, उरलेले पैसे पर्समध्ये ठेवले, पर्सची चेन लावली. ती लागता लागेना, म्हणून पुन्हा उघडून लावली.

"साधे," धोंडीबा बाकावरूनच म्हणाला, "अजून हायत का पैसे?"

"हायत. का?"

"तुझ्या मायला ती काजूची भाजी बांधून घे. मला गोडूस लागली. तिला आवडंल."

साधनानं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि परमेश्वरला भाजी सांगितली, वर चार रोट्याही सांगितल्या. पार्सलला वेळ होता. धोंडीबा बाकावर जरा सरकला आणि लेकीला शेजारी जागा करून दिली.